वॉर्डागणिक बदलणारी हद्द

7 ऑगस्ट 1963 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. दिवस भरायला साडेपाच आठवडे बाकी होते. वजन दोन किलोच्या जरा वर, म्हणजे अगदीच मूठभर म्हणावे असे नव्हे. पण जन्मल्याबरोबर त्याला धाप लागली. त्याला बॉस्टनला हलवले गेले, देशातले नामांकित डॉक्टर गोळा झाले. शेवटचा उपाय म्हणून दाबाखालच्या प्राणवायूने भरलेल्या पोलादी कक्षात त्याला ठेवले. अवघ्या 39 तासांचा असताना पॅट्रिक केनेडी गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला आपले साडेचौतीस आठवड्यांचे मूल वाचवता आले नाही.

या मृत्यूचे कारण तोवर उमगले होते. फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आतून एक स्निग्ध थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो तयार झालेला नसतो, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 मध्येच दाखवले होते. उपाय मात्र हाती नव्हता. 1971 मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी श्वासमार्गात सतत हलका दाब देऊन या पिशव्या उघड्या ठेवण्याची पद्धत मांडली. तिलाच आज प्रत्येक सिस्टर ‘सीपॅप’ म्हणते. 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी सिद्ध केले की प्रसूती लवकर होणार असे दिसताच आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे पोटातच लवकर पिकतात. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेले सर्फॅक्टंट थेट बाळाच्या श्वासनलिकेत सोडले. आज पॅट्रिकसारखे बाळ आपल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात जन्मले, तर थोडे दिवस सीपॅपवर राहून ते बहुधा घरी जाते. त्याची बातमीसुद्धा होत नाही.

बातमी होते ती 25 आठवड्यांच्या, सहाशे ग्रॅमच्या बाळाची. फोटोत पांढऱ्या कोटांची रांग, मध्ये अवघडलेले आईबाप, खाली ‘वैद्यकीय चमत्कार’. अमेरिकेत अलाबामामध्ये 2020 साली 21 आठवडे आणि 1 दिवसाचे 420 ग्रॅमचे बाळ जगले, तेव्हा तो जागतिक विक्रम ठरला, आणि तोही पुढे मोडला. मग चर्चा सुरू होते की माणसाचे मूल नेमके कितव्या आठवड्यापासून जगू शकते? निसर्गाने आखलेली एखादी रेघ असावी आणि विज्ञान ती पुढे ढकलत असावे, अशा थाटात हा प्रश्न विचारला जातो. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. 22 आठवड्यांच्या आसपास फुप्फुसांच्या घडणीमुळे एक तळ आहे, हे खरे. पण त्या तळापासून वर पाच-सात आठवड्यांच्या पट्ट्यात बाळ जगेल की नाही, हे बाळाच्या वयाइतकेच ते कोणत्या वॉर्डात जन्मले यावर ठरते. जगण्याची हद्द ही त्या त्या रुग्णालयाची हद्द असते.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब ढोबळ आहे, पण तेवढ्यानेही अंगावर काटा येतो. 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या दहा बाळांपैकी नऊहून अधिक श्रीमंत देशांत जगतात, तर गरीब देशांत एखादेच. बाळे तीच, आठवडे तेच. आणि ही तफावत केवळ गरिबी-श्रीमंतीची आहे असेही नाही. अमेरिकेतल्या संशोधनात सहभागी असलेल्या 24 रुग्णालयांची आकडेवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. 22 आठवड्यांच्या बाळांवर उपचार सुरू करायचे की नाहीत, यात रुग्णालया-रुग्णालयात जमीन-अस्मानाचा फरक होता. काही ठिकाणी जवळपास कोणावरच नाही, काही ठिकाणी प्रत्येकावर. त्या आठवड्यातली सर्व बाळे धरली तर जगण्याचे प्रमाण 5 टक्के निघत होते. ज्यांच्यावर उपचार झाले तेवढीच धरली तर 23 टक्के. म्हणजे डॉक्टर ‘या वयाची बाळे जगत नाहीत’ म्हणून हात लावत नव्हते, हात न लावल्यामुळे ती मरत होती, आणि त्या मृत्यूंची बेरीज करून ‘जगत नाहीत’ हे वाक्य पुन्हा सिद्ध होत होते. स्वीडन 22-23 आठवड्यांपासून झुंजतो, नेदरलँड्स 24 पर्यंत थांबतो. दोन्ही देश सधन, दोन्हीकडचे डॉक्टर निष्णात. फरक आहे तो ठरवण्यात.

हाच घोटाळा आपल्या न्यायालयातही शिरला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका विवाहितेचा गर्भपाताचा अर्ज होता. दोन मुलांची आई, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजाराने ग्रासलेली, आणि आता 26 आठवडे उलटलेले. आधी परवानगी मिळाली. मग दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी कळवले की हा गर्भ जगण्याची शक्यता भक्कम आहे, तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके आधी थांबवायचे का ते स्पष्ट सांगा. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि अखेर तिघांच्या पीठाने परवानगी नाकारली. निकालाच्या बाजूने किंवा विरुद्ध पुष्कळ लिहून झाले आहे. माझा मुद्दा छोटा आहे. ‘जगण्याची शक्यता भक्कम’ हे विधान एम्सपुरते खरे होते. तोच 26 आठवड्यांचा गर्भ गडचिरोलीच्या एटापल्लीत किंवा नंदुरबारच्या धडगावात असता, तर कोणता डॉक्टर ते वाक्य लिहून देऊ शकला असता? एका वॉर्डाच्या कुवतीला आपण गर्भाचा गुणधर्म मानून बसलो. गर्भ जगू शकतो म्हणून आईला नकार द्यायचा, आणि त्याच वयाचे हवेहवेसे बाळ तालुक्याच्या गावी जन्मले तर ‘एवढं लहान कसं जगणार’ म्हणून टॉवेलात गुंडाळायचे. या दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच आठवड्यात घडू शकतात.

वॉर्ड म्हणजे नेमके काय, हे यंत्रांची यादी वाचून कळत नाही. त्यासाठी एका प्रयोगाची गोष्ट सांगायला हवी, जिचा एक धागा आपल्या नागपुरात आहे. लिगिन्स-हाउईंचे स्टेरॉइडचे इंजेक्शन स्वस्त, द्यायला सोपे. श्रीमंत देशांतही ते सर्रास वापरात यायला 1994 उजाडले, ही वेगळी शोकांतिका. मग साहजिकच वाटले की हे इंजेक्शन गावोगावी पोचवले तर लाखो बाळे वाचतील. सहा देशांत, सुमारे एक लाख जन्मांवर हा प्रयोग झाला. त्यात बेळगाव आणि नागपूरकडचा ग्रामीण भागही होता. 2015 मध्ये निकाल आला आणि सगळे चरकले. लहान बाळांना काही फायदा दिसला नाही, आणि एकूण नवजात मृत्यू दर हजारी साडेतीनने वाढले. आयांमध्ये संसर्गही जास्त आढळला. याच औषधाचा पुढचा प्रयोग भारतासह पाच देशांत झाला, पण नीट निवडलेल्या रुग्णालयांत. तिथे सोनोग्राफीने आठवडे मोजले जात होते, संसर्ग असलेल्या आया वगळल्या जात होत्या, आणि बाळ जन्मल्यावर त्याची निगा राखायला माणसे होती. 2020 मध्ये त्याचा निकाल आला. 28 दिवसांच्या आतले मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले होते.

औषध तेच. एका ठिकाणी त्याने मृत्यू वाढवले, दुसऱ्या ठिकाणी घटवले. मला वाटते, या दोन निकालांइतके स्पष्ट उत्तर या साऱ्या वादात दुसरे नाही. इंजेक्शन बाळाला वाचवत नाही. ते वाचवण्याच्या लांब साखळीतली एक कडी आहे, आणि बाकीच्या कड्या नसतील तर एकटी कडी घातकही ठरते.

प्राणवायूचे तेच. 1942 मध्ये बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांना अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत बुबुळामागे पांढरा पडदा दिसला. पुढच्या दहा-बारा वर्षांत सुमारे दहा हजार मुले अंध झाली, आणि तीही उत्तमोत्तम रुग्णालयांत, कारण मुबलक प्राणवायू देणे तिथेच परवडत होते. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी 1951 मध्ये प्राणवायूकडे बोट दाखवले, नंतरच्या चाचणीने ते पक्के केले. मग प्राणवायू देताना हात आखडता घेतला गेला, तर अंधत्व घटले आणि मृत्यू वाढले. नेमकी पातळी कोणती, हा वाद 2010 नंतरही चालला. 2010 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत रक्तातील प्राणवायू कमी पातळीवर ठेवलेल्या बाळांचे डोळे जास्त वाचले, पण मृत्यूही काहीसे जास्त झाले. एवढी ही सुरी दुधारी आहे.

भारतात या कथेला आणखी एक वळण आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही. पाश्चात्त्य देशांत हा डोळ्यांचा आजार आता प्रामुख्याने अगदी चिमुकल्या बाळांना होतो. आपल्याकडे तो दीड-पावणेदोन किलोच्या बाळांनाही होतो. ती बाळे जगण्याच्या हद्दीवर वगैरे मुळीच नसतात. प्राणवायूत हवा मिसळणारे ब्लेंडर नाही, बोटाला लावलेल्या मीटरवर 100 दिसले की सगळे निर्धास्त, आणि चौथ्या आठवड्यात डोळे तपासायला कोणी सांगतच नाही. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात 1996 मध्ये जन्मलेल्या अशाच एका मुलीची दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सुमारे 1 कोटी 80 लाख रुपये भरपाई दिली. एका वेळच्या तपासणीला लागतात काही मिनिटे आणि एक प्रशिक्षित नेत्रतज्ज्ञ. बाळ वाचवले म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्या वॉर्डाला मी आधी एवढेच विचारीन की डोळे कोणी आणि कधी तपासले.

वॉर्डाची खरी कुवत हातांच्या संख्येत मोजावी लागते. ब्रिटनमध्ये अतिदक्षतेतल्या एका बाळामागे एक परिचारिका हा निकष आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात, कागदावरच तीन-चार बाळांमागे एक, आणि रात्रपाळीला ते कागदावरचे प्रमाणही टिकत नाही. एका वॉर्मरवर दोन बाळे हे दृश्य ज्याने पाहिले नाही, त्याने जिल्हा रुग्णालय पाहिलेले नाही. सातशे ग्रॅमच्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की चिकटपट्टी काढताना ती सोलून निघते. दूध नळीने, दोन तासांनी, मोजून मिलिलिटरभर. हात न धुता एकदा लावलेले बोट त्याला पुरते. अशा बाळाला यंत्रापेक्षा सावध माणूस हवा, आणि सावधपणा बारा तासांच्या कामानंतर उरत नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या एसएनसीयूला आग लागली. आत 17 बाळे होती, दहा गेली. त्यानंतर अग्निशमनाच्या तपासण्यांचे आदेश निघाले. रात्री तिथे किती माणसे असायला हवीत, ही चर्चा मात्र लवकरच विरली.

याउलट जे जमले, ते माणसांच्या जोरावर जमले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत थोडेफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळ कोरडे करणे, उबेत ठेवणे, अंगावर पाजणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे एवढेच त्यांचे काम. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला तेव्हा नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, कारण अपुऱ्या दिवसांच्या आतड्याला आईच्या दुधासारखे दुसरे काही मानवत नाही. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात खाटांच्या टंचाईतून निघाली. 2021 मध्ये दिल्लीचे सफदरजंग आणि आफ्रिकेतली चार रुग्णालये यांनी मिळून दाखवले की एक ते 1.8 किलोच्या बाळाला स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच असे धरले, तर मृत्यू चतुर्थांशाने घटतात. त्यासाठी आईची खाट एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात अतिदक्षता कक्षाच्या, आत आणावी लागली. आपल्याकडे आजही बाळंतीण तिसऱ्या मजल्यावर, बाळ तळमजल्यावर काचेत, आणि मध्ये ‘आत येऊ नये’ची पाटी. ही पाटी काढायला एक रुपया लागत नाही.

रुपये लागतात ते दुसरीकडे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्टिन कूनी नावाचा माणूस कोनी आयलंडच्या जत्रेत काचेच्या पेट्यांतली जिवंत बाळे दाखवायचा. तिकीट 25 सेंट. प्रकार ओंगळ वाटतो, पण त्या पैशातून तो बाळांना जगवायचा आणि आईबापांकडून एक पैसा घेत नसे. शंभर वर्षांनंतर आपल्या खासगी एनआयसीयूत सगळे बिल आईबापांच्या नावावर असते. 26 आठवड्यांचे बाळ घरी जाईपर्यंत अडीच-तीन महिने जातात. पहिल्या आठवड्यात दागिने मोडतात, तिसऱ्यात जमिनीचा कागद निघतो, आणि मग एक दिवस बाप काउंटरवर येऊन सही करतो. रुग्णालयाच्या भाषेत त्याला ‘डामा’ म्हणतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेले, अशी नोंद. बाळ बहुधा वाटेतच जाते आणि रुग्णालयाच्या मृत्यूंत त्याची गणना होत नाही. जागेवर मेले असते तर टक्केवारी बिघडली असती.

इथे भारतातली हद्द कोण ठरवते ते दिसते. पाश्चात्त्य देशांतले नीतिशास्त्री चोवीस की बावीस यावर ग्रंथ लिहितात. आपल्याकडे तो निर्णय बिल घेते, आणि बापाच्या सहीने घेते. वर ती मुलगी असेल तर बिल लवकर जड होते. एसएनसीयूत उपचार फुकट असूनही दाखल होणाऱ्यांत मुली मुलांपेक्षा कमी असतात, हे युनिसेफने दाखवले आहे. आयव्हीएफने, बारा वर्षांनी झालेले बाळ असेल तर तेच रुग्णालय त्याला ‘प्रेशियस बेबी’ म्हणते. तिसऱ्या खेपेच्या शेतमजूर बाईला सांगितले जाते, ‘दुसरं होईल.’ आठवडे दोघांचे सारखेच असतात.

मग करायचे काय? माझे मत अनेकांना कठोर वाटेल. सरकारी पैशाने 23-24 आठवड्यांची झुंज प्रत्येक जिल्ह्यात उभी करण्याची ही वेळ नाही. 2020 मध्ये भारतात 30 लाखांवर बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगात सर्वांत जास्त. त्यातली बहुसंख्य 32 आठवड्यांच्या पुढची, आणि त्यांच्यातली जी दगावतात ती ऊब, दूध, स्वच्छ हात आणि सीपॅप वेळेवर न मिळाल्याने. आपली एसएनसीयू मुळात आखलीच गेली ती व्हेंटिलेटर वगळून. तिथे आधी 28 ते 32 आठवड्यांचे बाळ हमखास जगले पाहिजे, डोळ्यांसह. त्याखालच्यांसाठी विभागवार मोजकी केंद्रे हवीत. बाळ जन्मल्यावर त्याला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा आईला प्रसूतीआधीच तिथे नेणे शहाणपणाचे. आईच्या पोटाइतका चांगला प्रवासी पाळणा कोणी बनवलेला नाही.

यावर एक आक्षेप मला खरोखर अडवतो. टोकाची झुंज ही चैन नव्हे, ज्ञान तिथूनच खाली झिरपते, असे कोणी म्हणेल. सर्फॅक्टंट, सीपॅप, स्टेरॉइड हे सगळे त्या काळच्या टोकावरच्या बाळांसाठी शोधले गेले, आणि आज ते वाशीमच्या बाळाला मिळते. खरे आहे. म्हणून टोकाची केंद्रे नकोत असे मी म्हणत नाही. ती मोजकी असावीत, तिथे शिकवले जावे, आणि ज्या वॉर्डात रात्री नऊ बाळांमागे एक सिस्टर आहे त्याने पेपरात फोटो यावा म्हणून सहाशे ग्रॅमला हात घालू नये. कारण ती एक सिस्टर त्या बाळापाशी अडकते, आणि शेजारच्या वॉर्मरवरचे सव्वा किलोचे बाळ श्वास घ्यायचे विसरते, तेव्हा त्याला टिचकी मारायला कोणी नसते. त्या मृत्यूवर ‘अपुरे दिवस’ असे लिहिले जाते.

दुसरा आक्षेप असा की अशी हद्द उघड सांगणे म्हणजे क्रूरता. मला उलट वाटते. ती आजही आहे, फक्त लपलेली. 25 आठवड्यांवर कळा सुरू झालेल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला रात्री बारा वाजता ‘आम्ही प्रयत्न करू’ एवढेच ऐकायला मिळते. त्यांना या वॉर्डात अशी किती बाळे आली, किती घरी गेली, त्यातली किती दोन वर्षांची होऊन चालू-बोलू लागली, किती खर्च आला, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेचे आकडे नकोत, या वॉर्डाचे हवेत. आणि सुरू केलेला उपचार निष्फळ ठरू लागला तर थांबवता येतो का, हेही. निष्क्रिय इच्छामरणाबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने प्रौढांसाठी काही वाट करून दिली. आठ दिवसांच्या बाळाच्या बाबतीत ती वाट वॉर्डात कोणाला नीट ठाऊक नसते, म्हणून डॉक्टर घाबरून यंत्र चालू ठेवतात आणि बाप कंटाळून डामावर सही करतो.

आकडे जाहीर करा म्हटले की रुग्णालये पहिली पळवाट शोधतील ती लहान बाळे दारातूनच परत पाठवण्याची. म्हणून हिशेब रुग्णालयाचा न मागता जिल्ह्याचा मागावा लागेल. 22 आठवड्यांपासून पुढचा प्रत्येक जन्म, तो सरकारी दवाखान्यात होवो, खासगीत होवो की 108 च्या रुग्णवाहिकेत, मुलगा की मुलगी, कुठून कुठे पाठवले, घरी गेले की डामा, आणि डामा असेल तर आशाताईने आठ दिवसांनी घरी जाऊन केलेली नोंद. जन्ममृत्यूची नोंदवही, एसएनसीयूची ऑनलाइन नोंद आणि आशाताईची वही ही तिन्ही कागदपत्रे आज वेगवेगळ्या टेबलांवर पडून आहेत. ती एकत्र जुळवण्याचे काम जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या कचेरीत होऊ शकते, त्याला नवा कायदा लागत नाही. ती जुळली की नंदुरबारची हद्द कुठे आहे आणि पुण्याची कुठे, हे प्रथमच छापील दिसेल, आणि पुढच्या अंदाजपत्रकात व्हेंटिलेटर मागायचे की परिचारिका, यावर भांडायला काही आधार मिळेल.